गाडीचं स्थळ

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना गाडी चालवता येत नव्हती. चारचाकी सोडाच, सायकलसुद्धा नाही. घर डिंगोऱ्यातच, शाळेपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कधी गरज पडली नाही म्हणे. आणि तरीही दोन हजार सालाच्या पुढेमागे आमच्या जुन्नर-आंबेगावाकडे कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली, की तो माणूस आधी डिंगोऱ्याला येऊन विचारायचा, "सर हायेत का?" नारायणगावात चांगले मेकॅनिक काय कमी होते? पण लोकांना सरच हवे असायचे.

मला हे अजब वाटायचं. मी गणिताची बाई, मला कारण लागतं. शाळेत नवीन होते तेव्हा एकदा विचारलंच, की सर, तुम्हाला चालवता येत नाही तर निवडता कशी? सर फळ्यावर कमळ काढत होते. खडू खाली न ठेवता म्हणाले, "बाई, ज्याला चालवता येतं तो सीटवर बसला की भुलतो. हातात स्टेअरिंग आलं की त्याला दुसरं काय दिसत न्हाई. मी बाहेर उभा असतो." आणि कमळाचा देठ पुरा केला. मी आपली हजेरी घेऊन वर्गात गेले.

सर 'गाडी बघायला जातो' असं कधी म्हणत नसत. 'स्थळ बघायला जातो' म्हणत. शाळेत त्यांची भाषा इतकी शुद्ध की परीक्षक दचकावेत, पण रविवारी स्थळाला निघाले की अंगात पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं आणि तोंडात पक्की गावरान बोली. समोरच्याला पावणं म्हणायचं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पाया पडायचं, आणि गाडीकडे ढुंकूनही न बघता आधी पाऊसपाण्याच्या गप्पा मारायच्या. बरोबर गेलेल्या माणसाचा जीव वरखाली होत असायचा. सर मात्र कांद्याच्या बाजारभावावर बोलत बसायचे.

तोवर निम्मं काम झालेलं असायचं. कारण गावात शिरल्यावर सर आधी टपरीवर बसून मालकाची चौकशी करायचे. माणूस तापट आहे का, रस्त्यात खड्डा आला तर हळू करतो का शिव्या देतो. मग शेजारच्या घरी पाणी प्यायला जायचं आणि शेजारणीला सहज विचारायचं, "ताई, ह्या गाडीला तुमी कधी धक्का मारलाय का?" खोटं बोलायचं भान मालकाला असतं, शेजारणीला नसतं. ती बिचारी सांगून टाकायची की मारलाय की, दर सोमवारी मारतो, आमचे हेसुद्धा मारत्यात. सर पाणी पिऊन उठायचे. एका घरी गोठ्यातल्या बैलाचा खांदा सोललेला दिसला, तर हे महाराज गाडीपर्यंत गेलेच नाहीत, फाटकातूनच मागे फिरले. जो बैलाच्या खांद्याला तेल लावत नाही तो इंजिनाला काय घालणार, हे त्यांचं शास्त्र.

मालकानं दहाची वेळ दिली की सर नवाला हजर. आत जाता जाता, गाडीकडे न बघताच, बॉनेटवर हात. गरम लागलं की समजायचं, पावणे यायच्या आधी चालू करून ठेवलीय, म्हणजे गार असताना उठत नाही. मग गाडी चार हात पुढं घ्यायला सांगायची आणि ती रोज जिथं उभी असते त्या जमिनीवर उकिडवं बसायचं. तेलाचा ताजा डाग दिसला की सर नुसते "हं" म्हणत. त्या "हं"नं किती मालकांना घाम फुटला असेल!

पण खरी परीक्षा चहाची. आपल्याकडे आल्यागेल्याला चहा हा होतोच. सर कपबशी घ्यायचे, "काठोकाठ भरा की पावणं," म्हणायचे, आणि ती कपबशी सरळ चालू गाडीच्या बॉनेटवर नेऊन ठेवायचे. मग हात मागे बांधून बघत उभे राहायचे. चहा बशीत सांडला तर स्थळ नापसंत. न सांडता नुसता थरथरला तर विचार करू. आणि चहा शांत राहिला तर ते कप उचलून प्यायचे. सरांनी चहा प्यायला म्हणजे गाडी पास, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक झालं होतं. कितीतरी गाड्यांपुढे त्यांनी तो गार करून सोडून दिला, आणि घरातल्या बायका मागून कुरकुरायच्या की एवढं दूध घातलं होतं.

शेवटी पत्रिका. म्हणजे गाडीची कागदपत्रं. चष्मा कपाळावर घेऊन, गाडीखाली वाकून, कागदावरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर आकड्याला आकडा लावून बघायचे. स्वतः हसून सांगायचे, "आमच्याकडं पत्रिका मानत न्हाईत, छप्पन सालापासून बंद. माझं लग्न बुद्धवंदना म्हणून झालं आन् झकास चाललंय. पण गाडीची पत्रिका सोडायची न्हाई." नकार द्यायचा तोही तसाच, कुणाचं मन न दुखवता. "स्थळ सोन्यासारखं हाय, पण पत्रिका जमत न्हाई, पावणं. आमचंच नशीब." मालक वर त्यांना फाट्यापर्यंत सोडायला यायचे.

आणि गाडी ठरली की सर तिचं चित्र काढून द्यायचे. पेन्सिलीनं, मोठ्या कागदावर. बंपरचा पोचा, दाराचा ओरखडा, वाकडी नंबरप्लेट, सगळं जसंच्या तसं. एका बागायतदारानं सांगितलं, सर, तेवढा पोचा काढू नका. तर म्हणाले, मग दुसऱ्याची गाडी होईल ती. अजून तालुक्यात कितीतरी घरांत देवाच्या फोटोशेजारी सरांनी काढलेली गाडी चौकटीत बसवलेली दिसते.

आमच्या हेडसरांनी एकदा सरांना न विचारता गाडी घेतली. आत टेप, मागे झालरीचा पडदा, मागे घेताना आरतीची चाल वाजायची. सगळ्या शाळेला पेढे. आठच दिवसांत ती गणेशखिंडीत ऐन चढावर बसली. मागून येणाऱ्या एसटीत आमचे सर होते. बस थांबवून उतरले. हेडसरांना वाटलं, आता हा माणूस आपल्याला ऐकवणार. सर मात्र झालरीच्या पडद्याशेजारी मांडी घालून बसले, डबा उघडला, अर्धी भाकरी हेडसरांना दिली आणि ट्रॅक्टर येईपर्यंत त्यांना शाळेच्या रंगकामाचं बोलत बसवलं. हेडसर नंतर स्वतःच सांगायचे ही गोष्ट, आणि सांगताना दर वेळी त्यांचा आवाज ओला व्हायचा.

आता माझं स्थळ.

माझं सासर कळंबला. कळंबहून नारायणगाव, नारायणगावहून जुन्नर, जुन्नरहून डिंगोरे, अशा तीन एसट्या बदलत मी शाळा गाठायची. पहिली चुकली की पुढच्या दोन्ही गेल्या. सकाळी लेक झोपेत असताना निघायचं आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर परत. आमचे हे चाकणला कंपनीत, पाळीवर. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यात माझी चिमुरडी त्यांच्या अंगावर. सासरे, म्हणजे आबा, वाईट माणूस मुळीच नव्हे. मला घरी यायला उशीर झाला की रस्त्यावर बॅटरी घेऊन उभे असायचे. पण एका संध्याकाळी पुढच्या दोन्ही एसट्या चुकल्या, मी टोमॅटोच्या टेम्पोत क्रेटवर बसून घरी आले, आणि आबांनी जाहीर केलं. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत जायच्या-यायच्या सोयीची गाडी मिळाली तर ठीक, नाहीतर राजीनामा. घरात काय कमी आहे, एवढी दगदग कशासाठी?

कशासाठी ते मला सांगता येईना. गणिताचा तास रंगला की काय होतं, हे ओसरीवर कसं सांगायचं? आमचे हे वडिलांपुढे तोंड उघडत नसत. धाकटे दीर मात्र खूश होते. गाडी येणार म्हटल्यावर त्यांनी मित्रांना आधीच सांगून ठेवलं होतं. मी नारायणगावला शिकून लायसन्स काढलं होतं, पण तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

मी सरांना गाठलं. म्हटलं, स्वस्त हवी आणि रोज सकाळी न रुसता उठायला हवी. एक दिवस जरी खिंडीत बसली तर माझी नोकरी गेली. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कामाला लागले. आणि काय सांगू, एकेक स्थळ नापसंत करत सुटले. ओतूरची चहा सांडून गेली. बेल्ह्याची शेजारणीनं घालवली. आळ्याच्या गाडीचं सगळं जमलं होतं, तर लोखंडावरचा एक आकडा घासलेला निघाला.

मंचरला एक लाल गाडी होती. अगंबाई, काय ती गाडी! मी सीटवर बसले आणि खरंच सांगते, भुलले. मीटरवर पळणंही थोडंच दिसत होतं. सरांनी माझ्या पायाकडे बोट दाखवलं. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर झिजून आतलं लोखंड चमकत होतं. मीटर मागं फिरवता येतं, झिजलेलं रबर कुठं परत उगवतंय, असं म्हणून ते चालूसुद्धा लागले. मी रडकुंडीला आले होते. एसटीत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि घरी येऊन ह्यांच्यापुढे त्यांना खडूस म्हणाले. पुढे ती लाल गाडी दिरांच्याच एका मित्रानं घेतली. ट्रॅक्टरला बांधून आमच्या दारावरून जाताना मी ती दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा मनातल्या मनात सरांची माफी मागितली.

शाळा उघडायला आठवडा उरला आणि येडगावचं स्थळ आलं. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक बाई. गावात सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. बाईमाणूस स्टेअरिंगवर दिसलं की लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून बघायचे, त्या काळात ह्या पांढऱ्या छोट्या गाडीतून वाड्यावस्त्यांवर बाळंतपणाला जायच्या. आता डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं. पुण्याच्या मुलाचं म्हणणं, एजंटाला देऊन मोकळी हो. त्या ऐकत नव्हत्या.

आम्ही नेहमीसारखे तासभर आधी पोचलो. सरांनी बॉनेटवर हात ठेवला. गरम. सरांचं तोंड उतरलं. सिस्टर ओसरीवरूनच म्हणाल्या, की रोज सकाळी आवारातल्या आवारात दोन फेऱ्या मारते, तिला बसून राहायची सवय नाही. गार बघायची असली तर उद्या उजाडता या. सर दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं एकटेच गेले आणि फाटकाबाहेर उभं राहून गाडी उठताना ऐकून आले. शेजारीण म्हणाली, धक्का कसला मारताय, हिनंच गावातल्या दोन जीपा ओढून काढल्यात.

तिसऱ्या दिवशी मला घेऊन गेले. चहा आला. सरांनी कपबशी बॉनेटवर ठेवली मात्र, सिस्टर कडाडल्या, "उचला ती. डाग पडेल." आजवर कुणीही सरांना असं बोललं नव्हतं. सरांनी निमूटपणे कप उचलला. मग सिस्टरनी आतून स्वच्छ रुमाल आणला, चौपदरी घडी करून बॉनेटवर अंथरला, त्यावर कपबशी ठेवली आणि स्वतः गाडी चालू केली. चहा हलला नाही. पिवळट साय नुसती बसून राहिली. सरांनी कप उचलून शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. उपरण्यानं तोंड पुसून म्हणाले, "पसंत हाय."

मला वाटलं, आता उडी मारावी. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "तुमची पसंती झाली. माझी कुठं झालीय? मला घर बघावं लागंल."

सरांना हे नवीनच होतं. आयुष्यभर मुलाकडची बाजू, आणि आता आमच्याच घरी बघायला येणार! परत येताना एसटीत त्यांचे प्रश्न सुरू झाले. अंगणात खड्डे आहेत का? गाडी लावणार कुठं? घरात कुणी तापट आहे का? मी म्हटलं, सर, घाबरू नका. म्हणाले, घाबरत नाही, पण बाई, आबांना सदरा घालायला सांगा.

रविवारी अकराची वेळ ठरली होती. दहालाच गाडी आमच्या दारात. शेजारच्या माणसाला चालवायला बसवून सिस्टर मागच्या सीटवर होत्या. आबांच्या अंगात बंडी, दीर आंघोळीला गेलेले, आणि सर दोनच मिनिटांपूर्वी पोचून ओसरीवर धापा टाकत होते. सिस्टरनी आधी सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग गोठ्यात डोकावल्या, मग अंगणात एक फेरी मारली. पत्र्याच्या शेडमध्ये आबांची बैलगाडी उभी होती. बैल विकून काही वर्षं झाली होती, पण तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. गाडी कुठं लावणार, असं सिस्टरनी विचारलं. बाहेर चिंचेखाली, आबा म्हणाले. चिंचेवर सकाळ-संध्याकाळ बगळ्यांची शाळा भरायची. सिस्टरनी वर पाहिलं आणि ओठ मुडपले.

बाजेवर बसून त्यांनी मुद्द्यालाच हात घातला. चालवणार कोण? दीर केस पुसत बाहेर येत होते. ते म्हणाले, मीच. वहिनींना वेळ मिळाला की सोडत जाईन, आणायचं बघू. आबांनी तंबाखू मळायला घेतली. म्हणजे गाडी येणार, ती दारात दिसणार, आणि मी पुन्हा तीन एसट्या, आणि शेवटी राजीनामा. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते चपलेकडे बघत होते.

सिस्टर उठल्या. म्हणाल्या, ही गाडी बाईच्या हातातली आहे, बाईच्याच हातात द्यायची ठरवलंय. तसं नसेल तर राहू द्या. मग वळून सरांना म्हणाल्या, "सर, तुमी मध्यस्थ. ह्या पोरीचं काय ते तुमी सांगा. खरं सांगा."

सर उभे राहिले. हा माणूस तोंडभर स्तुती कधी करायचा नाही. इतकी वर्षं शिक्षकांच्या एकाच खोलीत बसून त्यांनी माझ्याबद्दल बरं-वाईट एक वाक्य उच्चारलं नव्हतं. उपरणं नीट करून ते सिस्टरशी नाही, आबांशी बोलायला लागले. आणि बोली गावरान नव्हती, शाळेतली होती.

"आबा, मी डिंगोऱ्यातच राहतो. शाळेच्या घंटेला कधी कधी मलाच उशीर होतो. ह्या बाई तीन गाड्या बदलून येतात, पण पहिल्या तासाला फळ्यावर गणित लिहिलेलं असतं. एकदा एसटी बंद पडली म्हणून त्या दुपारी पोचल्या. आठवीची पोरं सकाळपासून गणिताची वही उघडून बसली होती, मला चित्रकलेचा तास घेऊ देईनात. म्हणाली, बाई येणार हायेत. मी पंचवीस वर्षं शिकवतोय. माझी अशी वाट कुणी बघितली नाही."

मला ही वह्यांची गोष्ट ठाऊकच नव्हती. त्या दिवशी मी धावत वर्गात शिरले होते आणि पोरं गप्प बसलेली पाहून उलट रागावले होते, की काय उद्योग केलेत? डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पदर शोधते तर मी ड्रेस घातलेला. सासूबाईंनी आपला पदर पुढे केला.

आबा माझ्याकडे वळले. म्हणाले, "दुपारपतुर बसून राह्यली व्हती पोरं?"

मी मान डोलावली. आबा बाजेवरून उठले, दिरांच्या हातातला टॉवेल काढून घेतला, कमरेला बांधला आणि शेडकडे चालू लागले. आम्हाला कळेना काय करताहेत. त्यांनी बैलगाडीचं जोखड उचललं आणि एकटेच ओढायला लागले. मग सगळेच धावले. दीर, हे, सिस्टरांचा शेजारी, उपरणं सावरत आमचे सर. वर्षानुवर्षं रुतलेली चाकं करकरत बाहेर आली आणि बैलगाडी चिंचेखाली जाऊन उभी राहिली. सिस्टरनी कनवटीची किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. त्यांनीच माझी मूठ मिटली.

मी गाडी चालू केली. शेडच्या दिशेनं सरळ आत घालायला लागले, तर आबांनी समोर येऊन हात आडवा केला.

"तशी नको," ते म्हणाले. "तोंड रस्त्याकडं करून लाव. सकाळच्या घाईत तुला वळवत बसायला नको."